कादंबरीसाठी चंदा मागावा का?

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीला मी त्याला मराठी शिकवत होतो. आता त्याचे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. शीरखुर्मा संपेपर्यंत तो गप्पच होता. मग पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेला जाड गठ्ठा काढून त्याने माझ्या हातात ठेवला. २४० पानांची कादंबरी होती. यंत्रमागाच्या वस्तीत वाढलेल्या एका मुलीची गोष्ट. चार वर्षे दुकान बंद केल्यावर रात्री बसून लिहिलेली.

"सर, एका प्रकाशकाला दाखवली. छापू म्हणाले, पण ५५ हजार आधी भरा म्हणाले. एवढे कुठून आणू? लोक ऑनलाइन पैसे जमवून पुस्तकं काढतात म्हणे, क्राऊडफंडिंग. मी करू का तसं? कादंबरीसाठी चंदा मागितला तर लोक हसतील का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. कारण मी ज्या दिवाणावर बसलो होतो, त्याच्या खालच्या कप्प्यात माझ्याच पुस्तकाचे गठ्ठे पडून आहेत.

बारा वर्षांपूर्वी मी तेच केले होते जे या मुलाला करायला सांगितले जात होते. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले आणि ४८ हजार रुपये एका प्रकाशकाकडे भरले. ५०० प्रती निघाल्या. ३०० माझ्या घरी आल्या, २०० विक्रीसाठी त्यांच्याकडे राहिल्या. त्या २०० प्रतींचे काय झाले ते मला आजवर कळलेले नाही. घरच्या ३०० पैकी निम्म्या मी भेट दिल्या. लग्नात दिल्या, निवृत्तीच्या कार्यक्रमात दिल्या, तपासणीला आलेल्या साहेबांना दिल्या. हप्ते मात्र अडीच वर्षे पगारातून कापले जात होते. पत्नीने कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "त्या पैशात मुलीच्या खोलीला स्लॅब पडला असता."

त्या प्रकाशकावर माझा फार राग नाही. थोडा विचार केल्यावर गणित समजले. लेखकाने सगळा खर्च आणि त्यावरचा नफा आधीच भरला, की पुस्तक छापून झाले त्या दिवशी प्रकाशकाची कमाई पूर्ण झालेली असते. मग ते पुस्तक विकण्यासाठी धडपड करण्याचे त्याला कारण उरत नाही. पुस्तक वाचकापर्यंत जावे असे वाटणारा सगळ्या व्यवहारात एकच माणूस राहतो, तो म्हणजे लेखक. आणि त्याला विकता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्याचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. प्रश्न फक्त ५५ हजारांचा नाही. अनोळखी लेखकाच्या पहिल्या कादंबरीचा खर्च कोणी उचलायचा, हा तो प्रश्न आहे.

आजवर हा खर्च कोणकोणी उचलला ते पाहू. उर्दूतली पहिली कादंबरी मानली जाते ती डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस', १८६९ सालची. आपल्या मुलीला वाचायला काही हवे म्हणून त्यांनी ती लिहिली होती. तिला सरकारने एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आझाद' लखनऊच्या 'अवध अखबार'मधून १८७८ पासून क्रमशः येत गेली. म्हणजे तिचा खर्च वृत्तपत्राने, पर्यायाने त्याच्या वर्गणीदारांनी उचलला. मराठीत ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' अशीच 'करमणूक' साप्ताहिकातून वाचकांपुढे आली. शिबली नोमानींच्या 'सीरतुन्नबी'च्या कामाला भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी पैसा पुरवला. प्रेमचंदांनी 'बाजार-ए-हुस्न' आधी उर्दूत लिहिली, पण छापून आली ती आधी हिंदीत, 'सेवासदन' या नावाने. कारण सरळ होते. हिंदीत पैसे देणारा प्रकाशक मिळाला, उर्दूत लवकर मिळाला नाही.

सरकार, संस्थानिक, नियतकालिक, प्रकाशक. यांपैकी आज नव्या लेखकाच्या हाताला काय लागते? संस्थाने गेली. क्रमशः कादंबरी छापणारी साप्ताहिके बहुतेक बंद पडली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, उर्दूसाठी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे साहाय्य आहे. नव्या लेखकाने तिथे अर्ज जरूर करावा. पण मिळेल याची खात्री नाही, आणि वाट पाहण्याची तयारी हवी. चांगले प्रकाशक आजही स्वतःच्या पैशाने पुस्तके काढतात, पण त्यांच्या यादीत जागा थोड्या आणि अनोळखी नावाची कादंबरी म्हणजे जोखीम. शेवटी उरतो तो वाचक. क्राऊडफंडिंग म्हणजे पुस्तक निघण्याआधीच वाचकाकडे जाणे.

ही गोष्ट इंटरनेटने शोधलेली नाही. आपल्याकडे 'प्रकाशनपूर्व सवलत' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. आधी पैसे भरा, पुस्तक कमी किमतीत घ्या, आणि तुमच्या पैशावर छपाई होईल. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, ते भागभांडवल उभारून आणि वर्गणीदार मिळवून. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोपने अठराव्या शतकात 'इलियड'चा अनुवाद अशाच वर्गणीवर केला आणि त्यावर त्याला चांगले पैसे मिळाले. इंटरनेटने एवढेच केले की गावोगाव फिरायचे काम फोनवर आणले. किकस्टार्टर हे अमेरिकी संकेतस्थळ २००९ साली सुरू झाले. तिथे लेखक आपल्या पुस्तकाची माहिती, लागणारी रक्कम आणि मुदत जाहीर करतो. ठरलेल्या मुदतीत रक्कम पूर्ण झाली तरच ती लेखकाला मिळते. नाहीतर कोणाचाही पैसा कापला जात नाही. भारतात मिलाप, केटो ही नावे आपल्याला माहीत आहेत ती बहुतेक आजारपणाच्या मदतीमुळे. विशबेरीसारख्या संस्थेने चित्रपट, संगीत अशा कामांसाठी हा मार्ग चालवला.

आणि चंद्याचे म्हणाल तर आपल्या समाजाला ही विद्या कोणी शिकवायची गरज नाही. मशिदीचा रंग, कब्रस्तानची भिंत, मदरशाची बोअरवेल, सारे चंद्यावर होते. जुम्याच्या नमाजनंतर रुमाल फिरतो आणि त्यात दहाची नोट टाकणाराही स्वतःला त्या कामाचा भागीदार समजतो. सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढच्या कॉलेजसाठी कोणाकोणापुढे झोळी पसरली त्याचे किस्से उर्दू वाचकांना पाठ आहेत. कलेसाठीही या देशात असे घडले आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा १९७६ चा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. मग तोच चित्रपट पाहायला ते ट्रक भरभरून गेले. ज्याने दोन रुपये दिले तो प्रेक्षक झाला. माझ्या ४८ हजारांतून एकही वाचक तयार झाला नव्हता, हे मला इथे आठवते.

पण पुस्तकाची गोष्ट निघाली की आपला हात आखडतो. जलशाच्या मंडपाला पाच हजार देणारा माणूस ओळखीच्या लेखकाला म्हणतो, "मुबारक हो! एक कॉपी पाठवा ना." ही भेट प्रतीची सवय आपल्या लेखकांना खाऊन टाकते. ती लावण्यात माझाही हात आहे, कारण मी दीडशे प्रती अशाच वाटल्या. कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांची गोष्ट, खोट्या माणसांची खोटी कहाणी, असा एक समजही आपल्याकडे आहे. मग आपल्या मोहल्ल्याचे, आपल्या घरातल्या बायकांचे, मागावरच्या मजुरांचे चित्र दुसरा कोणी चुकीचे रंगवतो, तेव्हा आपण संतापतो. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. तिच्याशी कोणी सहमत असो वा नसो, कोकणातल्या मुस्लिम गावाचे आतून लिहिलेले चित्र तिने मराठीला दिले. त्यानंतरच्या साठ वर्षांत मुस्लिम मराठी कादंबऱ्यांची यादी करायला बसलो तर माझ्या हाताची बोटे पुरतात. माणसे लिहीत नाहीत असे नाही. अशी २४० पानांची बाडे किती घरांत पडून असतील, अल्लाह जाणे.

तेव्हा चंदा मागण्यात लाज नाही, हे माझे पहिले उत्तर. पण एवढे सांगून मी त्या मुलाला पाठवले असते तर त्याची फसवणूक केली असती. कारण या मार्गाविषयी एक मोठा गैरसमज आहे. इंटरनेटवर कुठेतरी अनोळखी, उदार लोकांची गर्दी बसलेली आहे आणि आपण हाक मारली की ती पैसे देईल, असे लोकांना वाटते.

मोठ्या आकड्यांनी हा गैरसमज वाढतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडन सँडरसन या लेखकाने किकस्टार्टरवर चार कादंबऱ्यांसाठी आवाहन केले. सुमारे १ लाख ८५ हजार लोकांनी ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. बातमी वाचून कोणाचेही डोळे दिपतील. पण सँडरसन आधीच लाखो वाचकांचा लाडका लेखक होता, आणि त्या चारही कादंबऱ्या त्याने आवाहनाआधी लिहून ठेवल्या होत्या. गर्दी त्याने वीस वर्षांत जमवली होती. संकेतस्थळाने फक्त तिच्याकडून पैसे घेतले. अनोळखी लेखकाची गर्दी म्हणजे त्याच्या फोनमधली नावे. मामेभाऊ, शाळेतले सोबती, दुकानाचे गिऱ्हाईक, एकदोन शिक्षक. पहिले पैसे तेच देतात. ते देताना दिसले तरच त्यांच्या ओळखीचे लोक पुढे येतात.

तरीही एका गोष्टीसाठी हा मार्ग अनोळखी लेखकाला खरोखर उपयोगी पडतो. बाजाराला जे पुस्तक समजत नाही, त्याला तो वाट देतो. ब्रिटनमध्ये २०११ साली अनबाउंड नावाची प्रकाशन संस्था याच तत्त्वावर सुरू झाली. पॉल किंग्सनॉर्थ यांची 'द वेक' ही पहिली कादंबरी त्यांनी काढली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीची छाया असलेली, लेखकाने स्वतः घडवलेली भाषा तिच्यात आहे. वाचायला अवघड. वाचकांच्या पैशावर निघालेली ही कादंबरी २०१४ च्या बुकर पुरस्काराच्या पहिल्या यादीत आली. त्याच संस्थेने २०१६ मध्ये 'द गुड इमिग्रंट' हा निबंधसंग्रह काढला. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य समाजांतले २१ जण त्यात आपल्या जगण्याविषयी लिहितात. 'हॅरी पॉटर'च्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी त्याला ५ हजार पौंड दिले, आणि पुस्तक खूप वाचले गेले. आपल्याशी याचा संबंध उघड आहे. आपल्या घरातली दखनी, कोकणी मुसलमानांची बोली, मराठी-उर्दूची सरमिसळ, हे सारे कादंबरीत आले की संपादक म्हणतो, "हे प्रमाण मराठीत करा." माझ्या विद्यार्थ्याच्या कादंबरीतली अम्मी दखनीत बोलते. प्रकाशकाने तेच बदलायला सांगितले होते. तिची बोली ऐकून जे ३०० लोक म्हणतील, "अरे, ही तर आपली अम्मी", तेच तिचे खरे वाचक. ते कुठे राहतात हे प्रकाशकापेक्षा त्या मुलाला जास्त ठाऊक आहे.

आता हिशेब. आम्ही दोघांनी कागद घेऊन अंदाज मांडला. समजा ३०० वाचकांनी प्रत्येकी ३०० रुपये दिले, तर ९० हजार जमतात. छपाईला ४५ हजार धरा. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून १५ हजार. प्रत्येक प्रतीच्या टपालाला आणि वेष्टनाला ५० रुपये, म्हणजे आणखी १५ हजार. संकेतस्थळाची दलाली आणि पैसे वळते करण्याचा खर्च मिळून आठ टक्के धरला तर ७,२००. सगळे मिळून ८२,२०० झाले. उरले ७,८००. चार वर्षांच्या रात्रींचा हा मोबदला. तो हसला आणि म्हणाला, "सर, कर्ज तर होत नाही ना? बस." बरोबर आहे. या मार्गाने आपल्याकडे लेखकाचे पोट चालणार नाही. लिहायला निवांत वर्ष मिळणार नाही. पुस्तक निघते, कर्ज होत नाही, आणि वाचक आधीच ठरलेले असतात, एवढेच मिळते. पहिल्या कादंबरीला हे थोडे नाही.

मग मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. त्या इथेही लिहितो, कारण असे विचारणारे आणखी असतील.

पहिली, पूर्ण लिहून झाल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नये. डॉ. सॅम्युअल जॉन्सन एवढा मोठा विद्वान, पण शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी १७५६ मध्ये वर्गणीदार जमवले, पुढच्या वर्षाअखेर देतो म्हणाले आणि आवृत्ती आली १७६५ मध्ये. तोवर पैसे खर्च झाले होते आणि वर्गणीदारांच्या नावांची यादीही हरवली होती. जॉन्सनला जगाने माफ केले. मोहल्ल्यातल्या मोबाइलवाल्याला कोणी करणार नाही.

दुसरी, हा पैसा अमानत आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत देवाणघेवाण लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण तकरीरीत ऐकतो आणि चंद्याच्या वेळी विसरतो. प्रत्येकाला पावती द्यावी, खाते वेगळे ठेवावे, जमा आणि खर्च छापून सर्वांना पाठवावा. रक्कम पूर्ण झाली नाही तर कोणत्या तारखेला परत करणार हे आधी सांगावे. मोठ्या संस्थेवर भरवसा टाकूनही सुटका नाही. वर ज्या अनबाउंडचे कौतुक केले, ती मार्च २०२५ मध्ये आर्थिक अडचणीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि अनेक लेखकांचे पैसे अडकले. म्हणून तीनशे लोकांच्या कामाला संकेतस्थळ हवेच असे नाही. एक वही, एक वेगळे बँक खाते आणि यूपीआय पुरते. दलालीही वाचते.

तिसरी, जकातीला हात लावायचा नाही. रमजानमध्ये एखादा भला माणूस म्हणेल, "माझी जकात निघालीच आहे, त्यातले पाच हजार घे." नम्रपणे नाही म्हणावे. जकातीचे आठ हकदार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरलेले आहेत. लेखक गरीब असेल तर गरीब म्हणून त्याचा हक्क वेगळा. माझ्या समजुतीप्रमाणे कादंबरीची छपाई त्यात बसत नाही, आणि ती ओढूनताणून बसवली तर विधवेच्या वाट्याचा पैसा आपण मुखपृष्ठावर घातला असे होईल. पुस्तकासाठी जो देतो त्याने पुस्तक विकत घेतले, एवढा साफ व्यवहार असावा.

चौथी सर्वांत अवघड. पैसे देणारा कथेचा मालक होत नाही. त्या कादंबरीत एक प्रकरण आहे. मुलीची शाळा सुटते ती गरिबीमुळे नव्हे, तर मोठ्या भावाच्या हट्टामुळे, आणि जमातीतले प्रतिष्ठित लोक भावाची बाजू घेतात. ते प्रकरण वाचून मी थांबलो. त्याला विचारले, "ज्यांच्याकडे तू चंदा मागणार, त्यातले काही याच लोकांसारखे आहेत. हे वाचून ते म्हणाले की आमच्या पैशावर आमचीच बदनामी, तर?" तो बराच वेळ बोलला नाही. दंगलीचे आणि पोलिसांचे प्रकरणही कादंबरीत आहे. त्यावर त्याला टाळ्या मिळतील. पण या प्रकरणावर त्याची खरी परीक्षा आहे. एका संस्थानिकाची मर्जी राखण्यापेक्षा तीनशे ओळखीच्या माणसांची मर्जी राखणे कठीण, कारण त्यांच्यातच राहायचे आहे. माझा सल्ला असा की हे प्रकरण लपवू नये. नमुन्याची पाने पाठवताना तेच आधी पाठवावे. ज्याला नको तो तिथेच थांबेल, आणि जो देईल तो समजून देईल. यात काही नावे गळतील. गळू द्यावीत.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या ओळखीत कोणी लिहीत असेल आणि उद्या तो असा कागद घेऊन तुमच्याकडे आला, तर "छपल्यावर सांग" असे म्हणू नका. नमुन्याची पाने मागा, वाचा. आवडली तर ३०० रुपये द्या, नाही आवडली तर तसे तोंडावर सांगा. त्याला दोन्हीची गरज आहे. आणि भेट प्रत मागू नका.

परवा तो पुन्हा आला होता. दुकानातल्या जुन्या वहीत त्याने यादी केली आहे. आतापर्यंत ११७ नावे झालीत. ते प्रकरण वाचून नऊ जणांनी नाव काढायला सांगितले, त्यांत त्याचा एक चुलताही आहे. काढलेल्या नावांवर त्याने फक्त एक रेघ मारली आहे, खोडलेली नाहीत. म्हणाला, "पुस्तक आल्यावर वाचतील, सर."

मी ३०० रुपये दिले. त्याने पावती फाडली. वर लिहिले होते, क्रमांक १.